पहा – मिरची

तलाठी भरतीला चार महिने होते.
शिरपूरच्या वाचनालयात, किरकिरणाऱ्या पंख्याखाली
तापीची लांबी बघायची म्हणून
मी कोशाचा 'त' खंड उघडला.
सातशे चोवीस किलोमीटर.
वहीत लिहिलं, पेनाला टोपण घातलं,
आणि तिथेच, परिच्छेदाच्या शेपटीला, बारीक टायपात :
पहा – थाळनेर.

थाळनेर काय, सायकलवर जाऊन येतो मी,
मामाची सासुरवाडी ती.
तरी उठलो. 'थ' काढला.
तापीकाठचा पडका किल्ला, ज्याच्यावर आम्ही बोरं खाल्ली,
तिथे सुलतान राहायचे म्हणे, फारुकी.
मग ते बुऱ्हाणपूरला गेले. मीही गेलो.
बुऱ्हाणपुरातून जिलेबीत कसा शिरलो ते आता सांगता येणार नाही,
पण जिलेबी आधी झलाबिया होती,
आणि अरबीच्या त्याच गल्लीत
मला वांगं भेटलं.

वांगं इथलंच. नाव मात्र फिरस्तं.
संस्कृतातून फारशीत, फारशीतून अरबीत,
अरबांचं बोट धरून थेट पोर्तुगालात,
आणि कैक शतकांनी गलबतातून परत,
ब्रिंजल होऊन,
स्वतःच्याच घरी पाहुणं.
त्या गलबतांत अजून काय होतं?
पहा – मिरची.

फळीवर 'भ' होता. 'य' होता.
मधे चार बोटांची फट, तिच्यात पालीचं अंडं.

त्या रात्री आईनं भरीत केलं, काट्यांवर भाजलेलं,
आणि माझा घास हातातच राहिला.
थाळनेरच्या पहिल्या सुलतानाच्या ताटात
मिरची नव्हती. शेंगदाणाही नव्हता.
वांगं, कांद्याची पात, लसूण, फार तर मिरे.
एवढं राज्य, आणि भरीत असलं!
बिचारा.

भामरे अण्णांनी जुनं रजिस्टर झटकलं.
'म' खंड : निर्मला सुपडू शिंपी, बारा मार्च अठ्ठ्याण्णव.
'दहा पैसे रोज धर,' अण्णा म्हणाले,
'दंडात तिचं दुकान येईल.'

दुकान म्हणजे मिरची कांडायचा डंग.
गल्लीच्या तोंडाशीच ठसका लागला.
निर्मलाबाईंच्या भुवयासुद्धा लाल.
खंड कुठे? लोणच्याच्या बरणीवर,
झाकण दाबून बसलेला, सत्तावीस वर्षं.
'लई कामना शे तो,' त्या म्हणाल्या,
आणि हात पुसून त्यांनी पान उघडून दिलं.

मिरची. तेलाचा डाग पडून
अक्षरं पलीकडून दिसत होती.
छापलं होतं : तिखटपणा बियांत असतो.
शेजारी पेन्सिलीनं, शाळेतल्या वळणाचं :
चूक. बियांत नाही. आतल्या पांढऱ्या शिरेत.
खाली : रंग वेगळा, जाळ वेगळा.
मसाल्यांच्या पानावर : धने कमी सांगितले.
मराठ्यांच्या इतिहासावर काहीच नाही,
फक्त वाण्याचा हिशोब.

मी विचारलं, मिरची आली कुठून, वाचलं का?
'वाचं ना. जहाजवरथून.'
पोत्याकडे मान हलवून :
'हाई नंदुरबारथून.'
मग वाटीत चटणी, वर कच्चं तेल, दादरची भाकर.
'पहिले खाई ले. मंग वाच.'

डोळ्यांत पाणी आलं.
पान पुढचं होतं, दिसेना.

परीक्षेत तापीची लांबी विचारली.
ती मला येत होती.
बाकीचं कोणी विचारलं नाही,
आणि दीड मार्कानं माझं नाव यादीबाहेर राहिलं.

'म' खंड आता जागेवर आहे.
दंड अण्णांनी माफ केला, अर्धा किलो तिखटावर.
परवा एक पोरगी मगध बघायला आली,
दोन पानं उलटली आणि शिंकली,
पुन्हा शिंकली,
मग खंड नाकाशी धरून
मागची पानं चाळू लागली.
मगध राहिलं बाजूला.